चित्र हलतंय

धाकटीने समुद्रात बुडी मारून आणलेली बरणी टेबलावर ठेवली आणि थोरली बहीण वाकून पाहू लागली. आत तांदळाच्या कणीएवढा, काचेसारखा आरपार दिसणारा जीव तरंगत होता. नखरे मात्र राजघराण्याचे! जाळीत धरला की फाटतो, टिकवायच्या औषधात घातला की विरघळतो, दिव्याची ऊब लागली की पांढरा पडून मरतो. जिवंत आहे तोवर सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायचा, दुसरा उपाय नाही.

या कामात थोरलीचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण अलीकडे तिला त्या हाताचीच भीती वाटायची. बाबांचं दुखणं असंच सुरू झालं होतं, उजव्या हाताच्या बारीक कापण्याने. पुढे त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात, मग घास भरवायची वेळ आली. दोघी बहिणींनीच ते सारं केलं होतं. थोरली हल्ली चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची आणि कोणी पाहिलं तर थंडीवर ढकलायची. धाकटीला तिने काही कळू दिलं नव्हतं.

रुंद तोंडाच्या नळीने तिने तो जीव थेंबासकट काचपट्टीवर सोडला. वरच्या पातळ काचेच्या चारही कोपऱ्यांना मेणाचे ठिपके लावले, म्हणजे तो खाली चिरडत नाही. श्वास रोखून काच टेकवली. जीव शाबूत होता. तिला हायसं वाटलं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याच्या अंगावरच्या केसांच्या रांगा लखलखल्या. पण चित्र हलत होतं. शेजारचा धुळीचा कणही हलत होता, म्हणजे हे त्या जीवाचं काम नव्हतं, कुठूनतरी हादरा येत होता.

"ताई, फोटो पुसट येतोय गं."

"पाण्याचा पंप बंद कर," फोकसचं चाक धरून थोरली म्हणाली.

पंप थांबला. चित्र हलतच राहिलं.

"फ्रीज?"

धाकटीने फ्रीजची पिन काढली. "आता माझा श्वास तेवढा बंद करायचा राहिलाय."

थोरलीला हसू आलं नाही. "पंखा बघ."

"तो लावलाच नव्हता."

बंद करण्यासारखं खोलीत आता काही उरलं नव्हतं. धाकटीने पडद्यावरून नजर काढून चाकावरच्या हाताकडे पाहिलं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "चाकावरचा हात काढ बरं जरा."

"बाहेरून ट्रक गेला असेल."

"ताई."

हात काढायचं थोरलीला धाडस होईना. चित्र हलतंय तोवर ट्रकवर तरी ढकलता येत होतं. पण पडद्यावर त्या जीवाची कड पांढरी पडायला लागली होती.

तिने हात काढून मांडीवर घेतला.

चित्र थांबलं. एकेक केस स्पष्ट दिसू लागला.

"बघत काय बसलीस? काढ फोटो," थोरली कशीबशी म्हणाली.

धाकटीने एका हाताने बटण दाबलं. दुसऱ्या हाताने तिने ताईचा हात घट्ट धरला होता, आणि तिच्या मुठीतही तो कापतच होता.