इस्त्रीवाल्याला कितवा महिना?

सकाळी सातलाच भुकटीबाबाच्या दारात पन्नासेक बायका उभ्या असायच्या. मूल होत नाही? दिवसातून तीनदा चिमूटभर भुकटी घ्या. दीड महिन्यात पाळी थांबायची, पुढे छातीला चक्क दूध यायचं. "आधी दूध, मागून बाळ. आमच्याकडे पाहुण्याआधी ताट वाढतात," बाबा म्हणायचा, आणि बायका डोळे पुसायच्या. डॉक्टरकडे मात्र जायचं नाही. परक्या हाताने गर्भ रुसतो म्हणे.

त्या रांगेत माझी वहिनी होती. लग्नाला नऊ वर्षं झालेली. डॉक्टरची औषधं तिने बंद केली होती, आणि वय काही कुणासाठी थांबत नाही. माझा जीव टांगणीला लागला होता.

मी शिंपीण. माझा विश्वास टेपवर. वहिनीला पाचवा महिना लागला म्हणे, पण छाती दीड इंच वाढलेली आणि कंबर होती तिथेच.

"वहिनी, बाळ राहतंय कुठे?"

"वन्सं, तुमची जीभ म्हणजे कात्री आहे. लाजरा गर्भ पाठीकडे वाढतो, बाबा म्हणाले."

मी कपाळावर हात मारला.

त्याच आठवड्यात आमच्या दुकानातला इस्त्रीवाला, पंचावन्न वर्षांचा मिशाळ गडी, छातीशी टॉवेल धरून हिंडायला लागला. खोदून विचारल्यावर म्हणाला, "ताई, कुणाला सांगू नका. मला दूध येतंय."

"काय खाल्लंस?"

"वहिनींची भुकटीची पुडी त्यांच्या शिलाई मशीनजवळ असते. मळमळलं की चिमूटभर घ्यायचो. मग रोजचीच सवय लागली. मळमळीला गुण येतो हो."

हसता हसता मला खालीच बसावं लागलं. मग लक्षात आलं, वहिनीही तीच पुडी खातेय. दोघांना धरून दवाखान्यात नेलं. वहिनीच्या पोटात गर्भ नव्हताच. डॉक्टरीणबाईंनी 'मळमळीला गुण' एवढं ऐकलं आणि भुकटी तपासायला पाठवली. निघालं काय, तर साखरेत कुटलेल्या उलटी थांबवायच्या गोळ्या.

"मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो," बाई म्हणाल्या, "आणि त्याच्या खाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी. दुधाचं हार्मोन ती बनवते, पण हायपोथॅलॅमस तिला सतत दटावत असतो, थांब, इतक्यात नको. या गोळ्यांनी ते दटावणं तिच्यापर्यंत पोचतच नाही. मग दूध येतं, बाईला काय नि बुवाला काय. शिवाय ते हार्मोन वाढलं की पाळीचा हुकूम वरून सुटत नाही, स्त्रीबीज तयार होत नाही."

वहिनीने बोटांवर महिने मोजले. "म्हणजे ही भुकटी घेत होते, तोवर मूल होणारच नव्हतं?"

"हो. आता बंद करा. पाळी येईल, मग नीट उपचार करू."

ती रडली. मलाही आवरेना.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीवाल्याला रांगेच्या पुढे ढकललं. "बाबा, याचाही सदरा दुधाने भिजतो. याला कितवा महिना?"

बायका फिदीफिदी हसल्या. बाबा चाचरला, "ही... ही कृपा जरा जास्त झाली."

मग वहिनी पुढे झाली. मोठ्याने बोलायची तिला सवय नाही. तरी तिचा शब्द प्रत्येकीला ऐकू गेला.

"मूल हवंसं वाटण्यात लाज नाही, बायांनो. पण पुडी तोंडात टाकण्याआधी विचारा, यात काय आहे? मी विचारलं नाही. ज्या बाळासाठी मी ही खात होते, त्याची वाट पाच महिने मीच अडवून बसले होते."