जाड कागदाचा पंखा

पंख्याचा फटका डोक्यावर बसला, पण आवाज झाला नाही.

सुझुमेने तरी ठरलेलं सगळं केलं. दोन पावलं तिरकी गेली, अंबाडा सावरला, लोकांकडे वळून भोळ्या चेहऱ्याने विचारलं, "मला कुणी हाक मारली का?"

एकतीस वर्षं या वाक्यावर थिएटर कोसळत आलं होतं. आज पुढच्या रांगा हसल्या, मागच्या हसल्या नाहीत. ओसाकाचा माणूस भिडेखातर हसत नाही. शेवटच्या रांगेतून एक म्हातारा ओरडला, "काय रे केनसाकु, बायकोने उपाशी ठेवलंय का? मार की नीट!" त्याला मात्र सगळं थिएटर हसलं.

"पुरे झालं तुझं!" केनसाकु घाईने म्हणाला. दोघं एकदम वाकली आणि विंगेत गेली.

जोडीचा खेळ या शब्दाशिवाय संपत नाही. वेड्याने बरळत राहायचं, शहाण्याने "पुरे" म्हणायचं, मग दोघांनी वाकायचं. वेडी सुझुमे, शहाणा केनसाकु. घरात एक चूल मांडणारी नवरा-बायको रंगमंचावर भांडतात आणि लोक तिकीट काढून ते भांडण बघतात. बाईच्या टाळक्यात दिवसातून दोनदा पंखा बसतो, त्याला कला म्हणतात. ती वेडी बाई घरी बसून दोघांचीही वाक्यं लिहिते, हे कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. वर्तमानपत्रं लिहायची, 'केनसाकुची तल्लख बुद्धी आणि सुझुमेचा उपजत बावळटपणा'. ती कात्रणं केनसाकु जपून ठेवायचा. तीही काही बोलायची नाही. बावळट बाईने वही दाखवली असती, तर लोकांचं हसू गेलं असतं.

"हाताला काय झालं?" रंग पुसताना तिने विचारलं.

"खांदा धरलाय."

"कधीपासून?"

"झाले की तीन आठवडे."

तीन आठवडे. म्हणजे इस्पितळापासून.

त्या दिवशी डॉक्टर तिच्याशी दोनच वाक्यं बोलला होता. "पोटात व्रण आहे, बाई. औषध घ्या, बरं वाटेल." तिने दुखणं कसं येतं ते सांगायला तोंड उघडलं, तर तो हसायलाच लागला. तिच्या तोंडून काहीही निघालं की लोकांना हसू यायचं. मग तो केनसाकुला म्हणाला, "जरा आत या. कागदांवर सही हवी." ती बाहेर बाकावर बसली. एक नर्स लाजत लाजत जवळ आली, "ताई, एकदा ते 'हाक मारली का' म्हणून दाखवा ना." पोटावर हात दाबून तिने म्हणून दाखवलं. सहीला अर्धा तास लागला. अर्ध्या तासात माणूस आपलं नाव किती वेळा लिहू शकतो? तो बाहेर आला तेव्हा त्याचे पुढचे केस ओले होते.

"तोंड का धुतलंत?"

"उकडतंय," तो म्हणाला. बाहेर बर्फ पडत होतं.

रोग्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगायचं, अशी तिथली रीत. ज्याचं मरण त्यालाच त्याची बातमी नाही. डॉक्टरही ती पाळतात, नवरेही पाळतात, आणि या पळपुटेपणाला सगळे माया म्हणतात. सुझुमे तरी कुणाला काय बोलणार होती? तिची आई गेली, तेव्हा तिनेच आईच्या उशाशी बसून सांगितलं होतं, "साधा व्रण आहे गं. चेरी फुलली की घरी जायचं." आई म्हणाली होती, "हो का? बरं." तेव्हा तिला वाटलं होतं, आईला पटलं.

थिएटरात चहाची शेगडी सांभाळणाऱ्या ओताकीमावशी होत्या. जिभेला हाड नसलेली बाई. चहा उशिरा मागितला की सुझुमेलाही दोन शिव्या घालायच्या. हल्ली त्या न मागता पेला आणून ठेवत आणि शेगडीजवळची गादी तिच्यासाठी राखून ठेवत.

"मावशी, तुम्हाला काय माहिती आहे?"

"मला? मला बाई चहापलीकडे काही कळत नाही."

"मग डोळे का पुसताय?"

"कोळशाचा धूर गं मेला."

"शेगडी विझलीय, मावशी."

ओताकीमावशी किटली घेऊन पळाल्या. सुझुमेने वही काढली आणि ते लिहून घेतलं. हसू कुठे आहे हे तिला लगेच कळायचं. तो तिचा धंदा होता.

त्याच आठवड्यात मालकाने त्यांना कार्यक्रमातली शेवटची जागा दिली. सगळ्यांत मानाची. वीस वर्षं ती मागत होती आणि वीस वर्षं तो म्हणत होता, "वेडेपणावर पडदा पाडायचा नसतो, ताई." आता स्वतः वाकून सांगायला आला. तिने आभार मानले आणि शौचालयात जाऊन उलटी केली.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. विंगेत उभे राहून बाकीचे नट तिच्या प्रत्येक वाक्याला नको तितके हसत होते. प्रेक्षकांना काही ठाऊक नव्हतं, म्हणून तेवढेच खरं वागत होते: फटका हलका बसला की हसत नव्हते. तिच्याकडे किती खेळ उरलेत, हे तिला कुणी सांगणार नव्हतं. जेवढे असतील तेवढे तरी खरे व्हावेत, एवढंच तिला हवं होतं. आणि ते केनसाकुच्या मनगटात होतं.

सोमवारी थिएटर बंद. दुपारी दोघं घरी उदोनच्या गरम शेवया खात बसली होती. सुझुमेने वही उघडली.

"नवीन लिहिलंय. ऐका. बाई डॉक्टरकडे जाते. डॉक्टर नवऱ्याला म्हणतो, आत या, सही हवी. नवरा अर्ध्या तासाने बाहेर येतो. बाई विचारते, तोंड का धुतलंत? नवरा म्हणतो, उकडतंय. बाहेर बर्फ पडतंय."

केनसाकुच्या काड्यांतून शेवया वाडग्यात पडल्या.

"मग?"

"मग तुम्ही सांगा. पुढचं वाक्य शहाण्याचं आहे."

तो वाडग्यात बघत राहिला. "यात हसू नाही."

"मला तर येतंय."

"नको हे. आपलं जुनं 'पत्र'च करू. लोकांना 'पत्र' आवडतं."

"'पत्र' फटक्यावर चालतं. फटका कुठाय?"

"सांगितलं ना, खांदा!"

"मीठ तापवून शेकू का?"

"नको. बस तू. बस म्हटलं ना." तो उठला आणि दोन्ही वाडगे उचलून मोरीत गेला. एकतीस वर्षांत त्याने या घरात साधा पेला विसळला नव्हता. आता तो पाठमोरा उकिडवा बसून, बोटांनी तळ घासघासून वाडगे धूत होता. डॉक्टर जे बोलला नव्हता, ते सुझुमेला त्या पाठीने सांगितलं.

तो सार्वजनिक न्हाणीघरात जायला गल्लीच्या टोकाला गेला, तेव्हा तिने त्याची पिशवी उघडली. पंखा दर सोमवारी तो स्वतः नवा करायचा. तरुणपणी, कोळशाच्या खाणींवर खेळ करत फिरायचे तेव्हापासून. चौदा चुण्या, जाड कागद. लागत नाही फारसं, पण आवाज असा की शेवटच्या रांगेतलं झोपलेलं पोर उठावं. तिने या आठवड्याचा पंखा हातात घेतला. खिडकीला चिकटवतात त्या पातळ कागदाचा होता. फुंकर मारली तर हलत होता.

खांद्याला काहीही झालेलं नव्हतं.

ट्रंकेत नववर्षाच्या खेळाचं जुनं पोस्टर होतं, पुठ्ठ्यासारखं जाड, दोघांचे चेहरे गालाला गाल लावून. तिने ते जमिनीवर पसरलं आणि चुण्या घालायला घेतल्या. कागद कडक होता, बोटांत जोर नव्हता. दोनदा तिला थांबून पोट आवळून बसावं लागलं. मूठ चिकटवून तिने पंखा तांदळाच्या लाकडी पिंपाखाली दाबून ठेवला. तो न्हाऊन आला तेव्हा ती रफू करत बसली होती.

"उकडतंय का?" तिने विचारलं.

तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी विंगेत उभं असताना तिने नेहमीप्रमाणे त्याच्या कमरपट्ट्यात मागून पंखा खोचला. हे कामही एकतीस वर्षं तिचंच. पातळ पंखा तिच्या बाहीत गेला, जाड त्याच्या पाठीला.

थिएटर भरलेलं होतं. 'पत्र' नेहमीच्या ओघात सुरू झालं.

"काय गं, सकाळी दिलेलं पत्र पेटीत टाकलंस का?"

"टाकलं की."

"तिकीट लावलंस?"

"चांगलं दोनदा चाटून लावलं."

"आणि पत्ता?"

"पत्ता कशाला लिहीन? मी काय वेडी आहे?"

"अगं, मग ते पोचणार कसं?"

"तुम्हीच म्हणालात ना," सुझुमेने डोळे मोठे करून लोकांकडे पाहिलं, "ही गोष्ट कुणालाही कळता कामा नये!"

हशा उसळला. केनसाकुचा हात सवयीने पाठीमागे गेला, पंखा ओढून वर उचलला, आणि तिथेच थांबला. वजन त्याच्या मनगटाला कळलं होतं. त्याने वर बघितलं. चुण्यांमधून सुझुमेचा एक डोळा त्याच्याकडे बघत होता, छापील, हसरा, दहा वर्षांनी तरुण.

त्याने खाली बघितलं. सुझुमेने मान पुढे केली होती.

एक श्वास गेला. दोन गेले. तिला त्याची पावलं दिसत होती. पांढऱ्या मोज्यांतल्या बोटांनी फळी धरून ठेवली होती. लोकांत खसखस सुरू झाली. बायको टाळकं पुढे करून तिष्ठत उभी आहे आणि नवऱ्याचा हात वरच आहे, असं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. खसखस वाढत वाढत मागच्या रांगांपर्यंत गेली.

"अहो," सुझुमे मान न उचलता म्हणाली, "मारा ना. मान अवघडली."

थिएटर फुटलं. कालपरवाचा तो म्हातारा गुडघे बडवत होता. बायका एकमेकींच्या अंगावर कलत होत्या. असं हसू तिला आयुष्यात मिळालं नव्हतं, आणि ते खरं होतं, शंभर नंबरी खरं, कुणी दया म्हणून दिलेलं नव्हतं. तिने फटक्याची वाट पाहिली.

फटका आला नाही. पंख्याचा वारासुद्धा आला नाही.

विंगेत ढोलवाला टिपऱ्या उचलून 'पुरे'ची वाट बघत होता. ओताकीमावशींनी बाहीचा बोळा तोंडात कोंबला होता.

"निदान पुरे तरी म्हणा," ओठ न हलवता ती पुटपुटली.

त्याच्या गळ्यातून काहीतरी निघालं, शब्द नव्हता. पावलं हलली नाहीत. लोक हसतच होते, त्यांना थांबायचं काही कारण नव्हतं.

शेवटचा नमस्कार दोघांनी एकदम वाकून करायचा असतो. सुझुमे केव्हाची वाकलेली होती.