शलाकेचा भार

फाल्गुनाचा मध्यान्ह. माणदेशाच्या उघड्या माळावर तप्तताम्र ऊन सांडले होते. पळसांची पाने झडली होती, फुले पेटली होती. काळ्या फांद्यांवर केशरी ज्वाला, खाली तांबडा मुरूम, आणि दूर क्षितिजाशी धुरकट निळ्या डोंगरांची रांग, निश्चल, निःशब्द, निर्विकार.

त्या माळाच्या छातीवर शर्यतीची वाट कोरली होती. उंचवट्यांवर चढत, खोलगटांत उतरत, वळणावळणांनी ती लाल वाट पळत होती. आणि ऐन मध्यावर, एकामागून एक, मातीच्या लाटा उभ्या होत्या. गुडघाभर उंचीच्या, दगडासारख्या वाळलेल्या लाटा. ज्या भूमीने समुद्र कधी पाहिला नाही, तिच्यावर कुणी हौसेने समुद्र रचला होता.

त्या लाटांच्या पायथ्याशी शलाका इंगवले धुळीत बसली होती.

शेजारी तिची मोटरसायकल आडवी पडली होती. मागचे चाक अजून हवेत फिरत होते. फिरता फिरता मंदावत होते. शलाकेच्या ओठाला रक्त होते, पापण्यांवर माती होती. कोल्हापूरची ही सडपातळ, वेताच्या छडीसारखी मुलगी. नाव शलाका, आणि अंगकाठीही शलाकाच. खांद्याजवळ गळ्याचे हाड एकदा मोडून जुळलेले. ते हाडही याच मोटरसायकलवरून पडून, अशाच लाटांवर मोडलेले.

तिच्यावर एक सावली पडली.

"पुन्हा पडलीस," सरनोबत सर म्हणाले.

सर म्हणजे संघाचे प्रशिक्षक. कधीकाळचे नामांकित शर्यतवीर. आता पांढरी टोपी, काळा चष्मा, आणि संघातल्या प्रत्येक गोष्टीवर अखेरचा शब्द. त्यांनी पडलेल्या गाडीकडे पाहिले नाही. पडलेल्या मुलीकडेही धड पाहिले नाही.

"या खेळाला काळीज लागतं, शलाका. ते काही बाजारात मिळत नाही. लाट आली की तू भितेस. भित्र्या माणसाला मी उद्याच्या शर्यतीत उतरवणार नाही. तुझी गाडी रणधीरला राखीव राहील."

मंडपाच्या सावलीत बसलेल्या संघातल्या पोरांपैकी कुणीतरी फिसकन हसले. मग दुसरे कुणी हसले. आणि त्या हसण्याच्या कडेला, हातात हेल्मेट धरून, मान खाली घालून, एक जण उभा होता. तो हसला नाही. तो बोललाही नाही. तो रणधीर होता. शलाकेचा सख्खा थोरला भाऊ.

सर मंडपाकडे वळले. जेवणाची पाने मांडली होती.

भित्री.

शब्द किती लहान! अडीच अक्षरांचा खडा. पण तो उन्हात तापला होता, आणि नेमका जखमेवर बसला होता. भित्री. जी मोडक्या हाडानिशी घाटातून गाडीच्या मागच्या सीटवर दवाखान्यापर्यंत गेली आणि वाटेत हूं की चूं केले नाही, ती भित्री. जी हाड जुळताच, आईच्या डोळ्यांतले पाणी ओलांडून, पुन्हा या मातीत उतरली, ती भित्री.

तिला किती जणांनी धैर्य शिकवले होते! श्वास खोल घे, म्हणाले. मन खंबीर कर, म्हणाले. गुडघ्यांनी गाडी आवळून धर, नजर लांब ठेव, देवाचे नाव घे, म्हणाले. कुणी तिच्या मनात डोकावले, कुणी तिच्या मनगटात, कुणी तिच्या बाईपणात. तिच्या गाडीच्या मागच्या चाकाकडे मात्र एकानेही वाकून पाहिले नाही.

शलाका उठली. ओठावरचे रक्त तिने हातमोज्याने पुसले. आणि मग, गाडी उचलण्याआधी, तिची नजर मातीवर गेली.

वाटेवर दोन माग उमटले होते. एक रणधीरच्या गाडीचा, तो नुकताच इथून गेला होता. दुसरा तिचा. रणधीरचा माग लाटेवर चढत होता, लाटेवरून उतरत होता. अखंड, सलग, जशी एकाच हाताने ओढलेली रेघ. तिचा माग तसा नव्हता. तो प्रत्येक माथ्याशी तुटत होता. माथा आला की माग नाहीसा, पलीकडे मातीत एक खोल ओरखडा, पुन्हा माथा, पुन्हा शून्य. तुटलेल्या माळेचे मणी जसे विखुरतात, तसा तिचा माग त्या लाल लाटांवर विखुरला होता.

ती गुडघ्यांवर बसली. बोट त्या ओरखड्यात घातले. माती अजून ऊबदार होती.

चाक जमिनीवर नव्हतेच. ज्या क्षणी तिने जमिनीचा आधार मागितला, त्या क्षणी चाक हवेत होते. मग तिच्या काळजाने काय करावे? हवेला धरावे?

तिने गाडी उभी केली. दोन्ही तळवे सीटवर ठेवले आणि सारे अंग त्यावर टाकले. सारा भार, सारा संताप. गाडीची मागची बाजू किंचित हलली, नि तटून उभी राहिली. सीटखालची ती जाड पिवळी स्प्रिंग दबली नाही. तिने पुन्हा दाबले. स्प्रिंग पुन्हा तटून राहिली. दारावरच्या उर्मट द्वारपालासारखी, ओळख न देणारी.

ही स्प्रिंग तिला ओळखतच नव्हती. ती रणधीरला ओळखत होती.

हंगामाच्या आरंभी सरांनी दोन्ही गाड्या एकसारख्या करून घेतल्या होत्या. रणधीर जिंकत होता. तेव्हा रणधीरची गाडी ती खरी गाडी, आणि दुसरी तिची सावली. रणधीर म्हणजे पहाडासारखा गडी. त्याच्या भाराखाली ती पिवळी स्प्रिंग सुखाने दबायची, लाट पोटात घ्यायची. तीच स्प्रिंग शलाकेच्या गाडीत बसवली. तिला कुणी विचारले नाही. तिला कुणी तोललेही नाही.

क्रोध आता तिच्या डोळ्यांत नव्हता. तो तळहातांत उतरला होता, आणि तिथे तो शांत, स्थिर, कामाचा झाला होता. गाडी ढकलत ती संघाच्या टेम्पोपाशी आली.

"दादा."

रणधीर टेम्पोच्या सावलीत उभा होता. त्याने वर पाहिले.

"टेप घे."

"शलू, सर म्हणालेत गाडीला हात…"

"टेप घे, दादा. माझी गाडी उद्या तुला राखीव आहे ना? मग एकदा बघ तरी, काय राखून ठेवलंय ते."

त्याने मंडपाकडे पाहिले. तिने त्याच्याकडे पाहिले. बहिणीच्या त्या नजरेपुढे मंडप फार दूर गेला, पांढरी टोपी फार लहान झाली. रणधीरने हत्यारांच्या पेटीतून मोजायची टेप काढली आणि तो गाडीच्या मागे, तापल्या मुरमावर, गुडघे टेकून बसला.

आधी त्यांनी गाडी ठोकळ्यावर चढवली. चाक अधांतरी लोंबले. चाकाच्या आसापासून वरच्या मडगार्डपर्यंतचे अंतर रणधीरने मोजले. मग गाडी खाली घेतली. हेल्मेट, बूट, छातीचे कवच असा सगळा साज चढवून शलाका तिच्यावर बसली. टेम्पोच्या दाराला बोटाचा आधार देऊन तिने दोन्ही पाय उचलले. आता त्या यंत्रावर तिचा संपूर्ण भार होता. हाडांचा, रक्ताचा, आणि न गिळलेल्या अपमानाचा.

"सांग," ती म्हणाली.

रणधीरने टेप पुन्हा लावली. पुन्हा वाचली. त्याच्या कपाळावरून घाम ओघळला.

"सांग ना."

"दोन बोटं," तो हळूच म्हणाला. "जेमतेम दोन बोटं दबलीय."

"आणि तू बसतोस तेव्हा?"

"मूठभर."

मूठभर! स्वाराच्या भाराने गाडीची मागची बाजू मूठभर खाली बसावी, म्हणजे खड्डा आला की चाकाला खाली उतरायला वाव राहतो. ते मातीचा हात सोडत नाही. दोन बोटांवर अडलेले चाक मातीपासून तुटते, उसळते, आणि वरच्या माणसाला फेकून देते. हे रणधीरला ठाऊक होते. प्रत्येक स्वाराला ठाऊक असते. ठाऊक असून कुणी मोजले नव्हते, कारण दोष कुठे आहे हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकले होते.

रणधीर उठला. टेम्पोत चढला. आत बराच वेळ लोखंडावर लोखंड वाजत राहिले. तो उतरला तेव्हा त्याच्या हातात गाडीबरोबर आलेली मूळची स्प्रिंग होती. पांढरी, सडसडीत, धुळीने माखलेली, टायरांच्या ढिगाखाली विसरलेली.

मग भाऊबहिणीचे चार हात चालू लागले. बोल्ट निघाले, शॉकअप खाली आला. पिवळी स्प्रिंग उतरली, पांढरी चढली. वरचे कडे पान्याने फिरवत, स्प्रिंग आवळत, पुन्हा बसत, पुन्हा मोजत, पुन्हा किंचित सैल करत ते त्या मुठीपर्यंत पोचले. ऊन कलू लागले. मंडपातली पोरे जेवून आडवी झाली होती. सरांचा चष्मा त्यांच्या छातीवर संथपणे वरखाली होत होता.

"काढू गाडी?" शलाकेने विचारले.

"काढ."

पहिल्या फेरीत गाडीने तिला फेकले नाही. पण लाटांच्या रांगेत मागची बाजू खोल खोल रुतत गेली. एका लाटेतून वर येण्याआधी दुसरी, दुसरीतून सावरण्याआधी तिसरी. दबलेले यंत्र उठायला आळस करत होते. ती परत आली. पिवळ्या स्प्रिंगच्या उन्मत्त उसळीला लगाम म्हणून शॉकअपच्या तळाचा स्क्रू गच्च आवळलेला होता. आता उन्माद गेला होता, लगाम मात्र तसाच होता. तिने स्क्रू थोडा सैल केला. फेरी मारली. आणखी थोडा केला.

आणि मग ती निघाली.

पहिली लाट आली, चाक चढले. माथा आला, चाक उतरले. दुसरी आली, तिसरी आली; यंत्र दबत होते, उठत होते, दबत होते, उठत होते; श्वासासारखे, झोपाळ्यासारखे, मातीच्या तालावर. शलाका पायांवर उभी होती. गुडघे सैल, नजर दूर, आणि तिच्या खाली तो सारा खडबडीत, तांबडा, गोठलेला समुद्र वाहता झाला होता. रांग संपली. तिच्या मागे, लाटांवरून लाटांवर, एक सलग रेघ उमटली होती.

इंजिनच्या गर्जनेने मंडप जागा झाला. सर टोपी सावरत बाहेर आले. त्यांनी दोन फेऱ्या पाहिल्या. तिसरीला त्यांनी हात वर करून तिला थांबवले; चेहऱ्यावर प्रसन्न, उदार, विजयी हसू.

"शाब्बास! मोडली की नाही भीती? मी उगाच टोचून बोलत नसतो, पोरी. माणूस पेटावा लागतो."

शलाकेने हेल्मेट काढले. घामाने केस कपाळाला चिकटले होते. दुपारचा घाव तिने सोसला होता. हे कौतुक तिला सोसवेना.

"भीती नव्हती, सर. स्प्रिंग होती. दादाच्या वजनाची."

हसू जागच्या जागी सुकले. "गाडीला हात लावलास? कुणाला विचारून?"

"मी लावला, सर." रणधीर पुढे आला. त्याचे हात काळ्या ग्रीसने माखले होते. "टेप मी धरली. स्प्रिंग मी काढून दिली. ही गाडी तिच्यासाठी कधी लावलीच नव्हती आपण. तिच्या वजनाचा मी असतो, तर मीही पडलो असतो."

मंडपाच्या दाराशी पोरे उभी होती. आता कुणी फिसकन हसले नाही.

सरांनी गाडीकडे पाहिले. पांढऱ्या स्प्रिंगकडे पाहिले. त्यांना सगळे कळत होते. कधीकाळी त्यांनीही या मातीवर हाडे मोडली होती.

"ठीक आहे," ते अखेर म्हणाले. "उद्या दोघंही धावा." आणि वळले.

"सर."

ते थांबले. पाठमोरेच.

"दुपारचा तो शब्द. सगळ्यांसमोर म्हणालात. सगळ्यांसमोर परत घ्या."

क्षण लांबला. ताणलेल्या तारेसारखा, तुटण्याच्या काठावर थरथरत, लांबला. सरांचे खांदे किंचित हलले, वाटले, वळतील. पण ते वळले नाहीत. पांढरी टोपी मंडपाच्या सावलीत शिरली, आणि सावलीने ती गिळली.

शर्यत परत मिळाली. शब्द परत आला नाही.

रणधीर तिच्या खांद्यावर हात ठेवू गेला. तिने तो ठेवू दिला, पण त्याच्याकडे पाहिले नाही. त्याचेही काही देणे अजून उरले होते, आणि ते एका दुपारीत फिटणारे नव्हते. तिने हेल्मेट चढवले. बूट पायदानावर ठेवला. यंत्र तिच्या भाराखाली मूठभर खाली बसले. आदराने, जिव्हाळ्याने, जसे कुणी थकल्या माणसाला जागा करून द्यावी.

आणि ती पुन्हा लाटांवर गेली. कुणाला दाखवायला नव्हे, कुणी पाहावे म्हणूनही नव्हे. सूर्य डोंगरांच्या निळ्या खांद्यावर टेकला होता. चढ आला, ती चढली. उतार आला, ती उतरली. छातीतला अंगार छातीतच धगधगत होता, आणि चाक मातीला धरून होते. तिच्या मागे धुळीचा पदर उठला. लाल, मग सोनेरी, मग जांभळा. उंच गेला, अंधुक झाला, विरत विरत, कणाकणाने, सांजावलेल्या माळावर उतरत राहिला.