वच्छलाबाईच्या गाण्याची चौकट

मी एक चौकट बोलतेय. दाराखिडकीची नव्हे, वेबसाइटवरची. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका खेड्यात रंजिता नावाची बाई शिवणकाम करते. तिने रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, गाण्यांची एक वेबसाइट केली आहे. तिच्यातल्या एका पानावर मी बसलेली असते.

माझ्यात एक व्हिडिओ दिसतो. तो माझा नाही, आणि रंजिताचाही नाही. तिरोड्याकडच्या लोकेशने तो काढला आणि यूट्यूबवर ठेवला. तो तिथेच राहतो. मी फक्त इथून दाखवते. लोक याला एम्बेड करणं म्हणतात. मला मोठे शब्द कळत नाहीत. चार ओळींत माझं सगळं शिक्षण आटोपतं. लोकेशच्या व्हिडिओखालून कोडच्या त्या चार ओळी रंजिताने उचलल्या, आपल्या पानात चिकटवल्या, आणि माझा जन्म झाला.

त्याआधी त्या पानावर नुसते गाण्याचे शब्द होते. रंजिताने ते सासूकडून, शामकलाबाईकडून, ऐकून लिहिले होते. पण शामकलाबाईचा आवाज आता गाण्याजोगा राहिला नव्हता. दोन ओळी म्हटल्या की खोकला यायचा. म्हणून रंजिता आवाज शोधत फिरली आणि लोकेशच्या व्हिडिओपाशी येऊन थांबली. तेच गाणं होतं. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बाया ओळीने वाकलेल्या, हातात पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या, घोट्याच्या वर चिखल. पुढे एक बाई गाते, मागच्या झेलतात. गाणारी म्हणजे लोकेशची आई, वच्छलाबाई.

‘भाऊ माझा धुऱ्यावरी, छत्री त्याची काळी गं...’

पहिल्यांदा ते माझ्यात वाजलं तेव्हा शामकलाबाई खाटेवर शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले. ती उठून लॅपटॉपपाशी आली आणि अगदी जवळून बघू लागली.

“आई, डोळे जातीन,” रंजिता मशीनवरून म्हणाली.

“जाऊ दे. पाहिलं तेवढं लय झालं,” शामकलाबाई म्हणाली.

मग रंजिता पाणी आणायला गेली, तेव्हा म्हातारीने काचेवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, “वच्छले, किती मोठी झालीस व.”

त्या दोघी एकाच गावच्या, हे मला त्या दिवशी समजलं. लोकेशचं गाव म्हणजेच शामकलाबाईचं माहेर. भाऊ मंगरू गेला, घराला कुलूप लागलं, आणि गुडघे धरल्यापासून तिचं तिकडे जाणं संपलं. या वयात माहेराचं काय बोलायचं, म्हणून ती घरात कोणाला काही सांगत नसे. मला मात्र सांगायची. रोज दुपारी जेवण झालं की हात पुसून यायची, बटण दाबायची. वच्छलाचं गाणं म्हणजे तिचं माहेर होऊन गेलं होतं.

चूक झाली ती माझ्या खाली. रंजिता या गावात सून म्हणून आली तेव्हापासून हे गाणं ‘शामकलाबाईचं गाणं’ म्हणूनच ऐकत आलेली. सासू रोवण्यात गायची, सगळा गाव झेलायचा. त्यामुळे तिने माझ्या खाली सरळ लिहून टाकलं, ‘आमच्या गावचं जुनं गाणं.’ वच्छलाबाईचं नाव नाही, लोकेशचं नाव नाही. मनात काही वाईट नव्हतं. लेकी सासरी येताना गाणी सोबत आणतात, हे तिला माहीत होतं, पण लोकेशच्या व्हिडिओखाली गावाचं नाव नव्हतं, म्हणून या गाण्याच्या बाबतीत ते तिच्या ध्यानात आलं नाही. शामकलाबाईला वाचता येत नव्हतं. मला येत होतं, पण मला तोंड नव्हतं.

ते लोकेशने वाचलं. एका दुपारी शामकलाबाईने बटण दाबलं आणि मी काळी पडले. मालकाने हा व्हिडिओ दुसरीकडे दाखवायला मनाई केली आहे, एवढंच माझ्यावर उमटलं. त्या दिवशी मला फार लाज वाटली. कोणी घरी आलं आणि आपल्याकडे द्यायला पाणीही नाही, तसं झालं.

“रंजिता, वच्छला बंद काऊन पडली?” म्हातारीने विचारलं.

रंजिताचं त्या नावाकडे लक्षच गेलं नाही. ती लोकेशचा निरोप वाचत होती. त्याने लिहिलं होतं, ‘माझ्या आईचं गाणं तुमच्या गावचं कवापासून झालं? चोरी करून राहिले का?’ चोरी हा शब्द वाचून तिचं तोंड उतरलं.

त्या लॅपटॉपची बॅटरी बदलायला मोबाइल दुकानवाला गुड्डू आला होता. तो म्हणाला, “भाभी, टेन्शन कायले घेता? दुसऱ्या एकाने हाच व्हिडिओ चढवलेला आहे. डाउनलोड करतो अन् तुमच्याच नावानं टाकतो. मग कोणाचा बाप बंद करते?”

मी घाबरले. मग मी चौकट राहिले नसते. दुसऱ्याच्या वस्तूवरचं झाकण झाले असते. खरं सांगते, रंजिताचं मन थोडं डगमगलं होतं, कारण सासूचा चेहरा समोर होता.

शामकलाबाई खाटेवरूनच म्हणाली, “गुड्डू, तुया बांधीतले पऱ्हे कोणी न विचारता उपटून नेले तं चालन का?”

“माही बांधीच कुठी आहे, काकू?”

“म्हणूनच बोलून राहिला.”

गुड्डू हसला आणि बॅटरीकडे वळला. मग म्हातारी सुनेला म्हणाली, “त्याले फोन लाव. इचार.”

लोकेशचा नंबर त्याच्या पानावर होताच. रंजिताने लावला. आवाज मोठा ठेवला, म्हणून मलाही ऐकू आलं.

“भाऊ, तुमचा व्हिडिओ मी घेतला नाही जी. तो तुमच्याचकडं आहे. पाहणाऱ्यांची मोजणीबी तुमच्याच खात्यात येते.”

“ते मले समजते, ताई. लावायची मनाई कोणी केली होती? पण माय आमची, गाणं आमचं, अन् नाव तुमच्या गावचं? माही आई वाचून दाखव म्हणाली. मी काय वाचून दाखवू?”

तेवढ्यात शामकलाबाईने भिंत धरत येऊन फोन रंजिताच्या हातातून घेतला.

“बाबू, मी मंगरूची मोठी बहीण बोलून राहिली. शामकला. तुया मायले दे.”

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज, आणि तो आवाज, जो मी रोज वाजवत होते, पण या वेळी तो माझ्यातून येत नव्हता.

“शामकलाबाई? जित्ती आहेस का व?”

“तुया गाण्यावर जगून राहिली. तं तुया पोरानं तेच बंद केलं!”

दोघी हसल्या. मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. शामकलाबाईने सुनेला सांगितलं, हे गाणं माझ्या माहेरचं. मी ते इथं आणलं. रंजिता डोक्यावर हात मारून म्हणाली, “आई, आधी बोलल्या असत्या तं!”

“तू कधी इचारलं व?”

त्याच संध्याकाळी लोकेशने मनाई काढली. आधी माझ्यात उजेड आला, मग चिखल दिसला, मग ओळीने वाकलेल्या बाया. छातीवरचं मोठं ओझं कोणी उतरवून ठेवावं तसं मला झालं. रंजिताने खालचं लिहिणं पुसलं आणि नवीन लिहिलं. गाणाऱ्या वच्छलाबाई, त्यांचं गाव, व्हिडिओ लोकेशचा. आणि शेवटी, हे गाणं शामकलाबाईंसोबत आमच्या गावी आलं.

लोकेशनेही एक मागणं केलं. काकूच्या दोन ओळी पाठवा, खोकल्यासकट चालतील. रंजिताने त्या चित्रित करून यूट्यूबवर आपल्या खात्यात ठेवल्या, आणि लोकेशने विचारून आपल्या वेबसाइटच्या पानावर लावल्या. आता तिकडेही माझ्यासारखी एक चौकट आहे. वच्छलाबाई तिच्यापाशी बसते म्हणे.

वाचणाऱ्या भल्या माणसा, तुझ्या पानावर तू कोणाचं काही लावशील, तर खुशाल लाव. फक्त आधी एकदा विचार, आणि ज्याचं आहे त्याचं नाव खाली नीट लिही. आम्हा चौकटींजवळ आपलं असं काही नसतं. मालकाच्या मर्जीने आम्ही उजळतो. ती मर्जी राखलीस की आमचं भागलं.

आता मला थांबायला हवं. जेवण झालेलं आहे, शामकलाबाई हात पुसत इकडेच येते आहे. वच्छला गायला लागली की मी मध्ये बोलत नाही.