महादेवरावांच्या पिस्तुलाची सेप्टी

गिरडच्या टेकडीखाली, दर्ग्याकडे चढणाऱ्या वाटेच्या तोंडाशी टिकाराम उईकेचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार टिनपत्रे, लोखंड आवळून धरणारा एक शिकंजा आणि कानशींनी भरलेला लाकडी खोका. हिंगणघाटच्या गिरणीत त्यानं बारा वर्षं फिटरकी केली होती. कुलूप अडलं, शिवणयंत्र रुसलं, गॅसबत्ती भकभकू लागली, की आसपासची खेडी टिकारामकडे यायची. पिस्तूल मात्र अजून कोणी आणलं नव्हतं.

एका गुरुवारी खैरगावच्या आनंदाबाई दर्ग्यावर चादर चढवायला म्हणून दमणीतून आल्या. गाडीवान बैलांना पाण्यावर घेऊन गेला तसा त्यांनी पदर सावरला आणि सरळ दुकानात शिरल्या.

"टिकाराम, आमच्या घरी पिस्तूल उडालं."

"अरे बापा! कोणाले लागलं?"

"लोणच्याले."

आनंदाबाई म्हणजे मालक महादेवरावांची बायको. गावाचा सारा वसूल करायची मालगुजारी जाऊन दोन वर्षं झाली होती, पण मालकांचा रुबाब सरकारी दप्तरात नोंदलेला नव्हता, म्हणून तेवढा शाबूत राहिला होता. वडिलांच्या वेळचं, कुण्या गोऱ्या साहेबानं जाताना दिलेलं पिस्तूल त्यांच्याकडे परवान्यासकट होतं. पारावर बसले की ते पानाच्या डब्याशेजारी ठेवायचे आणि मगच बोलायला तोंड उघडायचे. वाद लवकर मिटायचे.

पिस्तुलाला अंगठ्याजवळ एक खटका असतो, सेप्टी. वर केला की पिस्तूल झोपतं, खाली केला की जागं होतं. मालकांची सेप्टी झिजून झिजून इतकी ढिली झाली होती की वर केली तरी आपसूक खाली घसरायची. परवा ओसरीवर एका पाहुण्याला पिस्तूल कसं धरतात ते दाखवताना ती अशीच घसरली, आणि गोळी सैपाकघरात शिरून वर्षभराच्या लोणच्याच्या बरणीत घुसली.

"भिंतीवरून तेल ओघळून राह्यलं, अन् हे मले म्हणतात, निशाणा पाह्य!" आनंदाबाईंचे डोळे अजून तिखटानं झोंबत असावेत असे लाल झाले. "ते येतीन तुह्याकडे. सेप्टी अशी बसव, का वर गेली ते पुन्हा खाली याले नाई पायजे."

"अन् मालकाले समजलं तं?"

"समजू देऊ नको. एवढं जमत नसन तं तू कायचा फिटर?"

सोमवारी मालक आले. पिस्तूल रुमालातून काढून त्यांनी शिकंज्यापाशी ठेवलं. "सेप्टी अशी पायजे टिकाराम, अंगठा लावला का खाली. लोण्यावानी!"

"हो मालक," टिकाराम म्हणाला. बाईंनाही त्यानं हो म्हटलं होतं.

दोघांशी खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं होतं, आणि दोघांशी खरं बोलायची छाती नव्हती. त्यानं गोळ्या काढल्या, दोनदा तपासलं, आणि खटका उघडला. आतली इवलीशी स्प्रिंग मेलेली, तिच्यावरच्या खिळीचं टोक गोल झालेलं. खिळी त्यानं नवी घासली. स्प्रिंगा खोक्यात दोन सापडल्या. एक बेताची. दुसरी एका जुन्या तिजोरीच्या कुलपातली, भारी ताठ. टिकारामनं दोन्ही तळहातावर घेतल्या, बराच वेळ पाहिल्या, आणि गालातल्या गालात हसत ताठ असलेली बसवली.

मालक न्यायला आले तेव्हा त्यानं त्यांच्यासमोर अंगठा टेकवला. खट्, खाली. खट्, वर. कानस घासून घासून त्याचा अंगठा खैराच्या गाठीसारखा झाला होता. मालकांचा अंगठा पानाला चुना लावण्यापलीकडे कधी राबलेला नव्हता. त्यांनी खटका दाबला. पुन्हा दाबला. कपाळाची शीर तटतटून वर आली.

"कसं वाटते मालक?"

"ठीक हाये," मालक घशातल्या घशात म्हणाले, आणि पिस्तूल रुमालात गुंडाळून निघून गेले. फिटरचा अंगठा आपल्याहून जोरदार आहे, हे खैरगावच्या मालकानं कुठल्या तोंडानं सांगावं?

पोळ्याला टिकाराम मुद्दाम खैरगावला गेला. त्याचा धाकटा भाऊ जंगलू तिथं शेती करायचा. तोरणाखाली सजवलेले बैल उभे होते. मालकानं हवेत बार काढायचा आणि मग पोळा फुटायचा, अशी तिथली जुनी रीत. त्या वर्षी भूदानाचं सांगत पायी फिरणारे काही कार्यकर्ते गावात मुक्कामाला होते. त्यांच्यातले वडीलधारे अण्णाजी समोर खुर्चीवर बसले होते.

मालकांनी पिस्तूल उंच धरलं. गाव कानांवर हात ठेवून उभं राहिलं. बार काही निघेना. मालकांनी हात खाली घेतला, खटक्याला अंगठा लावला, मग त्या अंगठ्यावर दुसरा अंगठा ठेवला आणि डोळे मिटून जोर लावला.

जंगलू कुजबुजला, "दादा, मालक पिस्तुलाले नमस्कार काऊन करून राह्यले?"

टिकारामनं बैलाच्या झुलीत तोंड खुपसलं. हसू येत होतं आणि मालकांची नजर इकडं वळेल ही भीतीही होती.

मालकांनी डोळे उघडले. घाम पुसला. समोर खादीतले अण्णाजी दिसले, आणि बुडत्याला काडी सापडावी तसा त्यांचा चेहरा उजळला.

"मंडळी," ते गरजले, "शांतीचा रस्ता चालून पाहुणे आपल्या दारी आले. त्यांच्यासमोर बार काढाले माहा हात धजत नाई!"

अण्णाजी उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी मालकांचे दोन्ही हात पिस्तुलासकट धरले. "धन्य आहात! मन बदललं की सगळंच बदलतं. आता जमिनीचंही एक वचन देऊन टाका."

सगळं गाव ऐकत होतं. मालकांनी एकदा गावाकडे पाहिलं. "पाच एकर," ते म्हणाले.

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बैल बुजले आणि पोळा आपोआप फुटला. जंगलूचा एक बैल तोरणाची पानं शिंगात अडकवून नाल्यापर्यंत पळाला.

पुढच्या गुरुवारी आनंदाबाई दुकानात उभ्या. "टिकाराम, मी तुले सेप्टी सांगतली होती. संन्यास नाई!"

टिकारामनं मान खाली घातली. बाईंनी मग आवाज उतरवला. "बरड तुकडाच होता म्हणा. अन् आता पिस्तूल कपाटात राह्यते, हे काय कमी हाये." जाताना लोणच्याची छोटी बरणी त्या खोक्यावर ठेवून गेल्या.

दिवाळीनंतर महादेवराव स्वतः आले. टिकारामच्या हातातली कानस थांबली. मालकांनी आजूबाजूला पाहिलं, रुमाल सोडला, गोळ्या नसल्याचं दाखवलं आणि पिस्तूल उजव्या हातात धरलं. अंगठा चांगलाच जाड झाला होता, त्यावर घट्टाही पडला होता.

खट्. खाली.

टिकारामनं आ वासला.

"दोन महिने झाले," मालक हळूच म्हणाले, "रोज पहाटे दाबतो. पण करू काय? लोकं पाया पडून राह्यले, सभेले बोलावून राह्यले. गावात दाखवता येत नाई. घरी दाखवलं तं पिस्तूल पुन्हा बाहेर निंघन, म्हणून बाई घाबरन. कोणाले तरी दाखवावं वाटे राजा."

मालकांच्या तोंडून 'राजा' टिकारामनं पहिल्यांदाच ऐकलं. त्यानं हात पुसले आणि बसायला खोका पुढं सरकवला.

"पुन्हा एकदा करून दाखवा, मालक."

महादेवरावांनी बाही वर सारली.