रबराचं खळं

नुकत्याच बसवलेल्या लादीवर चिंतामणरावांनी बादलीभर पाणी ओतलं, धुण्याच्या साबणाचा तुकडा चोळला, लेंगा गुडघ्यापर्यंत ओढून घेतला आणि अनवाणी पाय दाबून घासला. पाय सरकला नाही. मग पडवीच्या खांबाला धरून त्यांनी दुसरा पाय घासला. तोही सरकला नाही.

"काका, तुमीच पडाल हां," हातोडा घेऊन उकिडवा बसलेला सदू म्हणाला.

"मी पडलो तर लादी नापास. तू बस गप्प."

लादी जुन्या टायरांचा भुगा दाबून केलेली होती. विटकरी रंगाची, अंगठ्याने दाबली तर किंचित दबणारी. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात अशा लाद्या तयार होतात आणि मुंबईच्या बंगल्यांत पोहण्याच्या तलावाकाठी बसवतात, हे त्यांना कळलं होतं. चिंतामणरावांकडे तलाव नव्हता. पण पावसाळ्याचे चार महिने खळ्याचाच, म्हणजे घरापुढच्या अंगणाचाच, तलाव होत असे.

गेल्या श्रावणात आनंदीबाई तुळशीला पाणी घालायला उतरल्या आणि शेवाळलेल्या चिऱ्यावर घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ते जुळलं, डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून तसं दाखवलंसुद्धा. पण आनंदीबाई वॉकर घेऊन ओटीच्या कडेपर्यंत येत, पायऱ्यांकडे बघत आणि परत फिरत. मे उजाडला तरी तुळस त्यांनी लांबूनच पाहिली. मग ठाण्याहून उन्मेषने फोनवर सांगून टाकलं : पावसाआधी आई खळ्यात चालली तर ठीक, नाहीतर तुम्ही दोघांनी घराला कुलूप लावून इकडे यायचं. चिंतामणरावांनी मुलाशी वाद घातला नाही. हयात कारकुनीत गेली होती. अट म्हणजे अट. त्यांनी लाद्या आणल्या.

सदूने चिऱ्यांवरचं शेवाळ खरवडलं, खाचखळग्यांत बारीक कच पसरली, फळी फिरवून सारखी केली आणि लादीला लादी भिडवत तो पायऱ्यांपासून तुळशीपर्यंत गेला. तिथून न्हाणीघराच्या कडेने मागच्या दारापर्यंत जायचं, असा चिंतामणरावांचा बेत होता. पावसाळ्यातही बायकोला घराभोवती फेरी मारता यावी. ते खुर्ची टाकून समोर बसले आणि सदूला प्रत्येक लादी सरळ आहे की नाही ते सांगत राहिले. सदूला ते दिसतच होतं.

ओटीवरून आनंदीबाई बघत होत्या.

"कसले म्हणायचे हे टायर?"

"कसले म्हणजे? टायरचे टायर."

"एस.टी.चे असतील. गावभर काय काय तुडवून आलेले. तुळशीपुढे घालताय ते."

"एस.टी. गणपतीपुळ्यालाही जाते, आनंदी."

"आणि तिथून येताना मच्छीमार्केटवरून येते."

तुळशीपुढची जमीन आनंदीबाईंनी लग्न होऊन आल्यापासून शेणाने सारवली होती. ती आता रबराखाली गेली होती. रात्री जेवताना चिंतामणरावांनी ठरवलं, की रबर सारवायला काय हरकत आहे?

सकाळी हौसा कामाला आली तेव्हा त्यांनी तिला शेणाचं घमेलं दाखवलं. हौसाने एकदा लादीकडे पाहिलं, एकदा काकांकडे.

"ह्याच्यावर?"

"ह्याच्यावरच."

"काकांनी सांगितलं हां. मागाहून मला बोलू नका."

तिने सारवलं. ऊन वर आलं तसं सारवण सुकलं, तडकलं आणि पापडासारखं सुटून वर आलं. हौसाने पुन्हा हात फिरवला. पुन्हा तेच. सदू मान खाली घालून लादी कापत होता. त्याचे खांदे मात्र हलत होते.

"अगं, शेण पातळ झालंय!" ओटीवरून आवाज आला. "आणि हात असा काय ओढतेस? भिंत सारवतेस का?"

"धरतच नाय ओ काकी!"

"धरत नाही म्हणजे काय? थांब."

वॉकर पायरीवर टेकल्याचा आवाज आला. चिंतामणराव खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. आनंदीबाई एक पायरी उतरल्या, दुसरी उतरल्या. विटकरी लादीवर पाय ठेवून क्षणभर थांबल्या. पायाखाली काहीतरी मऊसर लागल्यासारखी त्यांची बोटं आखडली आणि पुन्हा सुटली. मग त्या चालू लागल्या. वॉकर पुढे, पाय मागे, वॉकर पुढे. तुळशीपाशी पोचल्यावर त्यांनी पायाच्या अंगठ्याने सारवणाचा पापुद्रा उडवला.

"खरंच धरत नाही गो. झाडून टाक सगळं. नुसती रांगोळी काढ."

तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या त्यांनी खुडल्या. मग तिथेच उभ्या राहून बराच वेळ घराकडे बघितलं, कौलांपासून जोत्यापर्यंत. आल्या तशाच परत चालत गेल्या आणि खुर्चीत बसल्या. कपाळाला घाम होता.

चिंतामणराव लगबगीने ओटीवर आले. "उन्मेषला फोन लावतो. म्हणतो, ये आणि बघ."

"लावा. पण आधी सदूला थांबवा. मागच्या दाराला लाद्या नकोत."

"मग?"

"फाटकापर्यंत आणा."

चिंतामणरावांचा चेहरा उजळला. "रस्त्यापर्यंत जाणार तू? वा! अगं, सांगायचं नाही का आधी?"

"उन्मेष गाडी फाटकाशी लावतो."

फोनकडे वळलेले चिंतामणराव थांबले.

"दवाखान्यातून आणलंत ते खुर्चीत घालून, चौघांनी उचलून. अख्खी आळी बघत होती. निघताना तशी नाही निघायची मी. माझ्या पायांनी चालत निघायचं, त्यासाठी थांबले होते."

"पण निघायचं कशाला? अट पुरी झाली. चाललीस की तू."

"मी चालले." आनंदीबाईंनी मंजिऱ्या तळहातावर चुरगळल्या. "मला न्हाणीघरात नेताना तुमचे गुडघे थरथरतात. मी पाठमोरी असते, म्हणून मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला. त्याला कुठल्या कारखान्यात लाद्या मिळतात?"

चिंतामणराव पडवीतल्या टेबलावरच्या फोनपर्यंत गेले, रिसीव्हरवर हात ठेवला आणि काढून घेतला. मग खळ्यात उतरले.

"सदू, मागच्या दाराचं राहू दे. फाटकाकडे वळव."

"मागच्या दाराला न्हाणीचं पाणी येतं, काका. थयच जास्त घसरेल."

"राहू दे म्हटलं ना."

सदूने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पिशवीतून त्याने सरळ रेघ धरायची दोरी काढली, तुळशीच्या कट्ट्याशी खिळा ठोकून एक टोक बांधलं आणि दुसरं चिंतामणरावांच्या हातात दिलं. ते दोरी सोडत सोडत फाटकापाशी गेले आणि खाली वाकले.

"ताणून धरा, काका," तिकडून सदू ओरडला. "सैल पडतेय."

चिंतामणरावांनी दुसरा हातही दोरीला लावला.