कोरी नळी

शिंकरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण थंडी लागली की नाक सुरू, म्हणून घरच्यांनी ते पाडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. आता असल्या नाकाच्या बाईनं कोणता उद्योग करावा? तर बर्फाखाली धुमसणाऱ्या ज्वालामुखीवर चढायचं, वाफेनं कोरलेल्या गुहेतलं पाणी नळीत भरायचं आणि त्यात कुणी जगतंय का ते बघायचं. इथे जगत असेल तर दूरच्या एखाद्या गोठलेल्या ग्रहावरही जगत असेल! हौस बघा केवढी.

दोन वर्षं मात्र नुसतं हसं झालं. नियम असा, की सोबत एक कोरी नळी न्यायची, उकळलेल्या पाण्याची. गुहेत उघडायची, लगेच बंद करायची. ती स्वच्छ राहिली तरच बाकीच्यांवर विश्वास. दोन्ही वर्षी तोंडाला मास्क असूनही ती गढुळली आणि आत सापडले माणसाच्या तोंडातले जंतू.

"तुझीच शिंक," तिच्या संशोधनाचे मार्गदर्शक सर म्हणाले. "यंदाही असं झालं तर तुझा विषय बंद."

यंदा पहिल्याच चढाला सरांनी दरवर्षीप्रमाणे स्वतः भरून दिलेली नळ्यांची पेटी दरीत गेली. शिंकरीला रडूच कोसळलं.

"रडतेस काय?" वाट दाखवणारी मावशी म्हणाली. "तळावर जुन्या नळ्या पडल्यात, माझा कुकर आहे. चल, काढू शिट्ट्या!"

दोघींनी पाऊण तास नळ्या शिजवल्या, कोरीत पाणी भरून. दुसऱ्या दिवशी गुहेत शिंकरीनं कोरी नळी उघडली मात्र, आणि आली शिंक! मास्कच्या आत, पण अशी दणदणीत की छताचा बर्फ मावशीच्या डोक्यावर.

"झालं कल्याण," शिंकरी रडवेली होऊन म्हणाली. तरी नळ्या आणल्या आणि आत कुणी असेल तर वाढावं म्हणून उबेला ठेवल्या.

पाचव्या दिवशी गुहेतल्या पाण्याच्या नळ्या छान गढुळल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली लांबट जीव, तोंडातला एकही नाही. आणि कोरी नळी? लख्ख! शिंकरीनं तीनदा बघितलं, मावशीला बघायला लावलं. मग दोघी बूट घालूनच खाटेवर नाचल्या. खाट मोडली.

तिनं फोन लावला. "सर, कोरी नळी कोरीच आहे!"

"म्हणजे शिंकली नाहीस?"

"शिंकले की! अगदी नळीच्या तोंडावर! मास्कनं अडवली सगळी."

मग सर खाकरले.

"मग आधीचे जंतू... अगं, पेटी भरताना मी प्रत्येक नळीत एक फुंकर मारतो. धूळ उडावी म्हणून. जुनी सवय."

शिंकरीला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती मोडक्या खाटेवर आडवी झाली, हसून हसून पोट दुखलं.

"म्हणजे सर, दोन वर्षं माझ्या ज्वालामुखीत तुम्हीच राहत होता!"

"चुकलं गं माझं," सर म्हणाले, आणि तेही हसत सुटले. "विषय चालू."

"पेटी मात्र यापुढे मी भरणार," शिंकरी म्हणाली, आणि सटकन शिंकली.